जोडी फोडू नका

सर्वोच्च न्यायालयानं 7 नोव्हेंबर 2025 रोजी मोकाट कुत्र्यांबाबत जो आदेश दिला, त्यात बसस्थानकं आणि आगारं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री उचलावीत, त्यांची नसबंदी आणि लसीकरण करावं, त्यांना निवारागृहात ठेवावं आणि पुन्हा त्याच जागी आणून सोडू नये, असं न्यायालयानं सांगितलं. हे काम स्थानिक संस्थांचं, म्हणजे आमच्या रामटेकपुरतं बोलायचं तर नगर परिषदेचं. मी एसटीत वाहक म्हणून लागलो आणि रामटेक आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. हा आदेश ज्या कुत्र्यांबद्दल बोलतो, त्यांच्याच संगतीत माझ्या रात्रपाळ्या गेल्या. म्हणून हे लिहितो आहे.

आदेशामागचं कारण खोटं नाही. स्थानकावर एका लहान पोरीच्या पोटरीला कुत्रा चावलेला मी पाहिला आहे. तिच्या आईला काही सुचत नव्हतं. आम्ही पोरीला नळाखाली धरलं, साबणानं जखम चांगली पंधरा मिनिटं धुतली आणि तिला सरकारी रुग्णालयात लशीला पाठवलं. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. त्यामुळे ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते त्यांची भीती मी खरी मानतो, आणि रस्त्यावरची कुत्री कमी व्हायला हवीत हेही मला पटतं.

पण कुत्री उचलताना आणि पुढे घरांमध्ये देताना एक गोष्ट पाळायला हवी, आणि ती कुत्री हटवा म्हणणारे आणि राहू द्या म्हणणारे यांच्या भांडणात हरवून जाते. जी दोन कुत्री एकमेकांवाचून राहू शकत नाहीत त्यांना वेगळं करू नका. निवारागृहात ठेवायची तर एकाच खोलीत ठेवा. घर द्यायचं तर दोघांना मिळून एकच घर द्या. आणि ज्यांच्या दारी जागा आहे अशा रामटेक-मनसरकडच्या माणसांना माझं सांगणं आहे की पाळायचंच असेल तर अशी जोडी आणा.

रात्रीच्या स्थानकावर ज्यानं काम केलं आहे त्याला कुत्र्यांच्या सोबतीबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. मुक्कामी गाड्या निघून गेल्या, चहाच्या टपरीवरचा दिवा मालवला, की फलाट कुत्र्यांचा होतो. बघणाऱ्याला घोळका दिसतो, पण त्या घोळक्यात जोड्या असतात. एक झोपलं की दुसरं कान उभे करून बसतं. वाहकानं डबा उघडला की एक पुढे येऊन उभं राहतं, दुसरं चार पावलं मागं थांबून माणसाचा अंदाज घेतं. पुढच्याला कुणी लाथ मारली नाही, हे दिसलं की मगच मागचं येतं. गाडी रिव्हर्स घेताना मागच्या चाकाशी झोपलेल्याला उठवायला त्याचा सोबतीच भुंकत जातो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आमच्या केबिनपुढच्या बाकाखाली दोन कुत्र्या राहायच्या. बहुधा मायलेकी असाव्यात. म्हातारी एका पहाटे गाडीखाली आली. धाकटी त्यानंतर त्या बाकाखाली बसली नाही. आगाराच्या मागच्या भिंतीशी, जुन्या टायरांच्या ढिगाजवळ पडून राहायची. जिच्यासाठी वाहक पोळी राखून ठेवायचे ती हाक मारली तरी मान वर करेना. पावसाळा संपायच्या आत तीही गेली. पशुवैद्यक कदाचित दुसरं कारण सांगतील आणि ते बरोबरही असेल. मला जे रोज दिसत होतं ते मी सांगतो: ती आजारी पडायच्या आधी एकटी पडली होती.

आता आमच्या घरातली जोडी. बादल आणि बिजली ही नावं त्यांना निवारागृहातल्या पोरांनी ठेवलेली. बादल काळसर करडा, छातीवर पांढरा पट्टा. बिजली तांबडी, अंगानं बारीक आणि पायानं फार चपळ. जबलपूर रस्त्याच्या कामावरची मजुरांची वसाहत हलली तेव्हा मागं राहिलेली ही दोघं. नागपूरजवळच्या एका निवारागृहात ती आली तेव्हा वर्षाची-दीड वर्षाची होती. तिथं त्यांना कुणी घेईना, कारण पाहुणा आला की दोघंही जाळीवर चढून धिंगाणा घालायची. शेवटी बादलला एका कुटुंबानं एकट्याला नेलं. तो रात्रभर रडला, दाराची चौकट कुरतडली, अन्नाला तोंड लावलं नाही, आणि त्या लोकांनी त्याला परत आणून सोडलं. तोवर इकडे बिजली भिंतीकडे तोंड करून पडून होती. त्या कुटुंबाचा राग मला येत नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की हा एकटा राहणारा नाही. सांगायची जबाबदारी देणाऱ्यांची होती.

आम्ही गेलो तेव्हा मात्र तिथला पोऱ्या आधीच बोलला, “काकाजी, हे दोघं सोबतच जातीन. एकट्याले नाही देत आता.” मी एक कुत्रा आणायच्या विचारानं गेलो होतो. माझ्या पत्नीनं जाळीतून दोघांकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “एकाले नेऊन दुसऱ्याले इथं रडत ठेवायचं असन, तर एकही नेऊ नका.” विषय तिथंच मिटला.

विदर्भातल्या शेतकऱ्याला हे समजायला जड जाऊ नये. जमलेली बैलजोडी आपण शक्यतो फोडत नाही. बाजारात विकायची वेळ आली तरी जोडीनं विकायची धडपड करतो, कारण एकाच्या खांद्याला दुसऱ्याच्या चालीची सवय झालेली असते आणि एक गेला की दुसरा गव्हाणीतल्या चाऱ्याला तोंड लावत नाही. पोळ्याला तोरणाखाली जोडीच उभी राहते. बैलाच्या बाबतीत जे आपल्याला न सांगता कळतं, ते कुत्र्याच्या बाबतीत नियमावलीत लिहावं लागावं असं मला वाटत नाही. पण लिहिल्याशिवाय होत नसेल तर लिहाच.

एक मात्र स्पष्ट करतो. एका पिंजऱ्यात दोन कुत्री आहेत म्हणजे ती जोडी झाली असं नाही. जागा कमी म्हणून एकत्र कोंबलेली कुत्री एकमेकांना कशीबशी सहन करत असतात. त्यातलं एक खाताना दुसऱ्यावर गुरगुरतं आणि दुसरं कोपऱ्यात दबून राहतं. अशांना वेगळं करणं हेच पुण्य. खरी जोडी ओळखायची तर दोघांना काही तास वेगळं ठेवून पाहावं लागतं. एकाला फिरायला नेलं की मागं राहिलेलं काय करतं? थोडं भुंकून खेळण्याकडे वळतं, की दारापाशी फेऱ्या मारत, लाळ गाळत, आवडीचा तुकडाही हुंगेनासं होतं? पुन्हा भेटल्यावर दोघं कशी वागतात? झोपताना अंगाला अंग लावून झोपतात का? दोन-चार वेळा असं पाहिलं की निवारागृहातल्या माणसांना उत्तर मिळतं. त्यांना ते बहुतेकदा आधीपासून माहीत असतं, फक्त कागदावर कुठं लिहिलेलं नसतं.

एकाच वेताची दोन लहान पिल्लं हौसेनं आणण्याचा मात्र मी आग्रह धरणार नाही. ती एकमेकांतच इतकी गुंततात की माणसाचं ऐकायला शिकणं मागं पडतं, आणि मोठी झाल्यावर, विशेषतः दोन्ही एकाच लिंगाची असली तर, भांडूही लागतात. ज्यांना भरपूर वेळ आणि अनुभव आहे त्यांनीच तिकडे वळावं. माझं म्हणणं मोठ्या कुत्र्यांबद्दल आहे. त्यांचा स्वभाव ठरलेला असतो आणि त्यांची सोबत काळानं तपासलेली असते.

रस्त्यावरचं मोठं कुत्रं म्हणजे काय, हे कोलकात्याच्या आयसरमधल्या डॉ. अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार चांगलं दाखवून दिलं आहे. ही मंडळी वर्षानुवर्षं मोकाट कुत्र्यांचा अभ्यास करत आहेत. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात 95 वेतांतली 364 पिल्लं नजरेखाली ठेवली होती. त्यातली जेमतेम 19 टक्के पिल्लं वयात येईपर्यंत जगली, आणि मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसाच्या कृतीमुळे मेली. म्हणजे बसस्थानकावर दिसणारं प्रत्येक मोठं कुत्रं हे सरासरी पाच पिल्लांतलं वाचलेलं एक असतं. 2017 साली याच गटानं आणखी एक गोष्ट दाखवली. अनोळखी माणसावर विश्वास टाकायला रस्त्यावरच्या कुत्र्याला वारंवार दिलेल्या खाण्यापेक्षा वारंवार कुरवाळणं अधिक उपयोगी पडतं. आणि 2020 मध्ये दिसून आलं की कधीही न शिकवलेली मोकाट कुत्रीसुद्धा माणसाच्या बोटाचा इशारा समजतात. इतकी जाणती जनावरं जुन्या समजुतींवरून आपण “गावठी” म्हणून बाजूला सारतो.

“पण ही कुत्री फार मस्तीखोर असतात,” असं लोक म्हणतात. असतातच. दीड-दोन वर्षांचं निरोगी कुत्रं आठ बाय आठच्या खोलीत दिवसभर ठेवलं तर माणूस दिसल्यावर ते उड्या मारणार नाही तर काय करणार? निवारागृहातला धिंगाणा हा त्या कुत्र्याचा स्वभाव समजू नये. त्यातला बराचसा कोंडलेपणाचा परिणाम असतो. बाकीचा जोर खरा असतो आणि त्याला काम द्यावं लागतं.

आमच्याकडे सुरुवातीला धुण्याची दोरी, चपला, तुळशीवृंदावनाभोवतीची माती, काही शिल्लक राहिलं नाही. मुलगा आणि सूनबाई वैतागले. मग एकेक गोष्ट जमत गेली, ती इतरांच्या उपयोगी पडावी म्हणून सांगतो. पहिली म्हणजे दोघांचं शिकवणं वेगवेगळं करायचं. एकाला घरात ठेवून दुसऱ्याला अंगणात “बस”, “थांब”, “ये” शिकवायचं, मग अदलाबदल. दोघं एकत्र असली की त्यांचं लक्ष एकमेकांकडे असतं, तुमच्याकडे नसतं. वेगळं राहण्याची ही रोजची थोडीशी सवय पुढेही कामी येते, कारण कधीतरी एकाला दवाखान्यात ठेवायची वेळ येतेच. दुसरी गोष्ट, खायची भांडी दोन टोकांना ठेवायची. एकमेकांवर जीव असला तरी ताटावरून कुरबुर होऊ शकते, आणि कोण कमी खातंय हेही त्यामुळे लगेच कळतं. तिसरी म्हणजे दोन पट्टे आणि दोन माणसं. आडदांड जोडी एका माणसानं एका हातात धरून रस्त्यावर नेऊ नये. बिजलीला शेळी दिसली की काय होतं, ते आमच्या आळीनं पाहिलं आहे. आता तिला मी धरतो आणि बादलला माझी नात, जी नववीत आहे आणि माझ्यापेक्षा बरं धरते.

सगळ्यात जास्त फरक पडला तो नाकाला काम दिल्यानं. कुत्र्याच्या नाकात वास घेणाऱ्या पेशी माणसाच्या कितीतरी पट असतात. त्याला ओढत दोन किलोमीटर पळवण्यापेक्षा एक किलोमीटर निवांत हुंगत चालू दिलं तर ते अधिक समाधानानं झोपतं. घरी आम्ही भाकरीचे तुकडे गोणपाटात गुंडाळून ठेवतो, कधी धानाच्या तणसात लपवतो. दोघं शोधत बसतात. अंगणाच्या एका कोपऱ्यात वाळूचा ढीग टाकला आहे, तिथं खणायची मोकळीक आहे, त्यामुळे तुळस वाचली. मेहुण्याच्या शेतात तारेचं कुंपण घातलेलं थोडं पडीत आहे. तिथं आठवड्यातून एखादी संध्याकाळ त्यांना मोकळं सोडतो. दोघं एकमेकांचा पाठलाग करत इतकं पळतात की माणसाला करायला काही उरत नाही. जोडीचा हाच मोठा फायदा मला दिसतो. एकट्या उत्साही कुत्र्याला दिवसभर तुम्हीच सवंगडी लागता. दोघं असली की त्यांचा अर्धा खेळ त्यांच्यातच होतो.

खाण्याचं फार अवडंबर नाही, पण नुसत्या दूध-पोळीवर असं कुत्रं पोसलं जात नाही. आमच्याकडे भातात उकडलेलं अंडं किंवा कोंबडीचं मांस, थोडं दही, थोडा भोपळा असं असतं. कांदा, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी आहे, हे घरातल्या लहान मुलांना आधी सांगून ठेवावं.

आमच्या भागात उन्हाळा हा मोठा प्रश्न आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, डांबरी रस्ता उतरत्या दुपारीही तापलेला असतो आणि कुत्र्याचे पंजे भाजतात. फिरवणं उजाडायच्या आधी आणि अंधार पडल्यावर. आम्ही खिंडसीच्या रस्त्याला जातो. अंबाळा तलावाच्या घाटावर नेत नाही, कारण तिथं लोक आपल्या माणसांचे विधी करायला आलेले असतात, पिंड ठेवलेले असतात. तिथं कुत्री सुटली तर कुणाचं मन दुखावेल. गडाच्या पायऱ्यांवरही नेत नाही. तिथं वानरं आहेत, आणि वानर आणि कुत्रं समोरासमोर आलं की दोघांपैकी एक जखमी होतं. पावसाळ्यात अंगावर रोज हात फिरवून गोचिडांवर लक्ष ठेवावं लागतं, कारण गोचिडांमुळे होणारा ताप कुत्र्याला आतून पोखरतो. त्रिपुरी पौर्णिमेच्या दिवसांत फटाके वाजतात तेव्हा बिजली थरथरते. बादल शांत असतो. ती त्याला टेकून बसते आणि हळूहळू तिचा श्वास जागेवर येतो. एकट्या कुत्र्याला पलंगाखालून बाहेर काढायला काय कष्ट पडतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना याची किंमत कळेल.

रामटेकच्या माणसानं आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. आपल्या उत्तरेला पेंचचं जंगल आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि गावातल्या कुत्र्यांचा निघाला, वजनाच्या हिशेबानं सुमारे 39 टक्के. जंगलालगतच्या गावात रात्री बाहेर बांधलेलं किंवा मोकाट कुत्रं बिबट्याला गावात बोलावतं. उलट बाजूनं, लस न टोचलेल्या कुत्र्यांमधला डिस्टेंपरसारखा आजार जंगली जनावरांना होऊ शकतो. 2018 साली गीरमध्ये सिंह मेले तेव्हा अनेकांच्या अंगात हाच विषाणू सापडला होता. म्हणून देवलापार-पवनीकडच्या गावांत कुत्रं घरात घेणं, त्याला रेबीज आणि डिस्टेंपरची लस वेळेवर देणं आणि रात्री दाराआड ठेवणं यानं कुत्र्याचंही भलं होतं, बिबट्याचंही आणि गोठ्यातल्या वासराचंही.

कायद्याबद्दल थोडं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 20 ऑक्टोबर 2022 रोजी असं म्हटलं होतं की ज्यांना मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचं आहे त्यांनी ती रीतसर दत्तक घ्यावीत, घरी न्यावीत किंवा निवारागृहात ठेवावीत. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या निर्देशाला स्थगिती दिली. मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं की सक्तीनं दत्तक घेतलेलं जनावर सुखी होत नाही. रोज पोळी घालणारी म्हातारी दोन खोल्यांत पाच कुत्री कशी ठेवणार? उलट 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं जो मार्ग दिला तो मला योग्य वाटतो. इच्छा असेल त्यानं पालिकेकडे अर्ज करावा, कुत्र्याला खूण करून ते त्याच्या नावावर द्यावं, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यानं घ्यावी. स्वेच्छा आणि जबाबदारी, दोन्ही त्यात आहे.

आता त्या अर्जात आणि निवारागृहाच्या नोंदवहीत एक रकाना वाढवा, एवढीच माझी मागणी आहे. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे कुत्रं कुठून पकडलं याची नोंद ठेवावीच लागते. त्याच ओळीत “सोबतचं कुत्रं” असं लिहायला किती वेळ लागतो? एका फलाटावरून एकाच वेळी उचललेली दोन कुत्री एकाच गाडीतून न्यावीत, शेजारी ठेवावीत, शस्त्रक्रियेनंतर पुन्हा एकत्र आणावीत आणि त्यांच्या कार्डावर तसा शेरा मारावा. याला वेगळा निधी लागत नाही. आज बसस्थानक आणि दवाखान्यांची आवारं रिकामी करायची घाई आहे. घाईत पकडणारा माणूस जे हाताला लागेल ते उचलतो. एक कामठीकडच्या पिंजऱ्यात आणि दुसरं भांडेवाडीकडे असं झालं तर दोन्ही कुत्री बिघडतील. एक चावरं होईल, दुसरं खंगेल, आणि दोन्ही कुणाच्या घरी जाण्याच्या लायकीची राहणार नाहीत. निवारागृहं भरत जातील आणि रिकामी होणार नाहीत. दया बाजूला ठेवून केवळ हिशेब केला तरी जोडी फोडणं तोट्याचं आहे.

खर्चाचा प्रश्न मी टाळत नाही. दोन कुत्र्यांना अन्न, जंताचं औषध, लशी, नसबंदी सगळं दुप्पट लागतं. ज्याला एकाचाच खर्च झेपतो त्यानं एकच आणावं, आणि निवारागृहात एकट्यानं आनंदात राहणारी कुत्रीही असतात, त्यांना घर द्यावं. ज्यांच्या फ्लॅटमध्ये दिवसभर कुणी नसतं किंवा घरात रांगतं मूल आहे त्यांनी अशा दांडग्या जोडीच्या मागं लागू नये. शेजाऱ्यांशीही आधी बोलावं. आम्ही बादल-बिजलीच्या लशींची कार्डं आळीतल्या घरांना दाखवली, फाटकाला उंच जाळी लावली, आणि सुरुवातीला रात्री भुंकणं व्हायचं त्याबद्दल दोन घरी जाऊन बोललो. आज त्यांच्यातलीच एक काकू उरलेली भाकरी आमच्याकडे पाठवते.

माझ्या वयाच्या माणसांना मी आणखी एक सांगतो. कुत्रं बारा-पंधरा वर्षं जगतं. आपल्या मागं कोण सांभाळणार, हे आणायच्या आधी ठरवा आणि लिहून ठेवा. रतन टाटांनी मृत्युपत्रात त्यांच्या टिटो या कुत्र्याच्या सांभाळाची तरतूद केली होती. मुंबईतल्या बॉम्बे हाउसच्या नूतनीकरणात रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी खास जागा करून घेतली होती. एवढा मोठा माणूस कुत्र्याचा विचार मृत्युपत्रात करतो, तर आपण मुलाकडून निदान तोंडी शब्द घ्यावा. आमच्या मुलानं तो दिला आहे.

आणि नागपुरात हल्ली सायबेरियन हस्की घ्यायची जी टूम निघाली आहे ती थांबवा, असं कळकळीनं सांगतो. बर्फात ओझं ओढायला वाढवलेलं ते जनावर आपल्या मे महिन्यात धापा टाकत कूलरपुढे दिवस काढतं. हजारो रुपये मोजून त्याला यातनेत आणायचं आणि याच मातीत, याच उन्हात तगलेल्या कुत्र्याला पिंजऱ्यात मरू द्यायचं, हे आपल्या गावाला शोभत नाही. आमच्या गडावर भैरव दरवाजा आहे आणि भैरवाचं वाहन कुत्रा आहे. दत्ताच्या पायाशी आपण कुत्रीच बसवली आहेत.

रामटेक, मनसर, पारशिवनी, मौदा या भागांत अजून अंगणं आहेत, परसं आहेत, शेतात खोपी आहेत. ज्यांच्याकडे अशी जागा, थोडा वेळ आणि दोन जिवांना पुरेल एवढं अन्न आहे, त्यांनी नगर परिषदेकडे किंवा जवळच्या निवारागृहात जाऊन यावं. गोंडस पिल्लाकडे बोट दाखवायच्या आधी जाळीवर चढून भुंकणाऱ्या मोठ्या कुत्र्यापाशी थोडं थांबावं, आणि तिथल्या माणसाला विचारावं: याचा सोबती कोण आहे? असेल तर दोघांचे कागद एकदमच करून घ्या.